ट्रॅक्टरचा झिजलेला हायड्रॉलिक सिलिंडर : दुरुस्त करावा की बदलावा ?

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत शेतीच्या कामांना वेळेचे बंधन फार कडक असते. ही जमीन भिजली की पायाला व अवजाराला चिकटते आणि वाळली की कठीण होऊन तिला भेगा पडतात. ह्या दोन अवस्थांच्या मधले वाफशाचे मोजके दिवसच पेरणीला उपयोगी पडतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांत कपाशी, तूर, सोयाबीन ह्यांची पेरणी अशाच दिवसांत उरकावी लागते. नेमक्या त्या वेळी ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलीनाशी झाली, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे होत नाही. हातचा वाफसाही निघून जातो.

अशा घाईच्या वेळी शेतकऱ्याकडून दोन प्रकारच्या चुका होतात. एक, तेल गळताना दिसले की नवे सील बसवून काम चालू करणे; असे सील पुष्कळदा त्याच हंगामात पुन्हा फाटते. दुसरी, सिलिंडर निकामी झाला असे समजून चांगला सिलिंडर भंगारात देणे आणि नव्यासाठी मोठी रक्कम मोजणे. ह्या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. निर्णय गळती पाहून घेतला जातो. तो सिलिंडरच्या आतील पृष्ठभागाची स्थिती पाहून व मोजून घ्यावयास हवा.

सिलिंडर काम कसे करतो

अवजार तीन ठिकाणी जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याच्या पद्धतीचे पेटंट हॅरी फर्ग्युसन ह्यांनी १९२६ मध्ये घेतले. १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राऊन आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरांमुळे ही पद्धत प्रचारात आली. भारतात १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. पुढे देशात ट्रॅक्टर बनविण्याचे कारखाने वाढत गेले आणि आज वऱ्हाडातील गावोगावी दिसणाऱ्या ट्रॅक्टरांची लिफ्ट त्याच तत्त्वावर चालते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कल ह्यांचा नियम ह्या यंत्राच्या मुळाशी आहे. पंप तेल नळीत ढकलतो, तेल दट्ट्यावर दाब देते आणि दट्ट्या भार उचलतो. समजा, नळीचा आतील व्यास ६३ मिलिमीटर आहे. म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर झाले. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम दाब असल्यास हा दट्ट्या साडेचार टनांहून अधिक जोर लावतो. एवढ्या दाबाचे तेल अडवून धरण्याचे काम करते ते बोटभर रुंदीचेही नसलेले एक सील. त्या सीलला टेकणारा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असला तरच ते टिकते. सिलिंडरच्या दुरुस्तीचा सारा विचार ह्या एका गोष्टीभोवती फिरतो.

शेतीकामात मुख्यतः तीन प्रकारचे सिलिंडर आढळतात. पहिला लिफ्टचा, तो ट्रॅक्टरच्या मागील भागात आत बसविलेला असतो व तेलाच्या दाबाने एकाच दिशेला काम करतो. दुसरा ट्रॉली उलटविणारा, ज्यास सर्वजण जॅक म्हणतात. तिसरा पलटी नांगर फिरविणारा. त्यास दोन्ही बाजूंनी तेल मिळते. ह्या तिघांची झीज एकाच ठिकाणी होत नाही. लिफ्टच्या व पलटी नांगराच्या सिलिंडरात दट्ट्यावरील सील नळीच्या आतून घासत जाते, म्हणून तेथे नळीचा आतील भाग महत्त्वाचा. ट्रॉलीच्या पुष्कळशा जॅकमध्ये सील तोंडाशी बसविलेले असते आणि दांडा त्यातून वर सरकतो. तेथे दांड्याचा बाहेरील पृष्ठभागच पाहावयाचा असतो; नळीच्या आतील बारीक ओरखड्यांना घाबरून असा जॅक बदलण्याचे कारण नाही.

वऱ्हाडात झीज का होते

उन्हाळी नांगरटीच्या वेळी काळ्या जमिनीची बारीक धूळ सर्वत्र उडते. तेलकट दांड्यावर ती चिकटते. दांडा आत जाताना तोंडाशी असलेल्या वायपर सीलने ती पुसून काढावयाची असते. पण हे वायपर फाटलेले असेल, तर धूळ आत शिरते आणि तेलात मिसळून पॉलिश कागदासारखी घासू लागते. मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा उन्हात दिवसभर जड काम केल्यास तेल तापून पातळ होते, आणि सतत तापलेले रबरी सील हळूहळू कडक होऊन त्याची लवचिकता नाहीशी होते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात आणखी एक कारण संभवते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर ह्या भागांतील अनेक गावी विहिरींचे पाणी खारे असते. अशा पाण्याने ट्रॅक्टर व ट्रॉली धुऊन दांडा तसाच बाहेर ठेवला, तर क्षारांमुळे क्रोमच्या मुलाम्याखालील लोखंड गंजू लागते. प्रथम सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. पुढे त्यांच्या कडा सीलला करवतीसारख्या कापतात.

ट्रॉलीच्या जॅकचे मोठे नुकसान होते ते तिरप्या जागेवर ट्रॉली उलटविल्याने. तलावातील ओला काळा गाळ किंवा शेणखत ट्रॉलीच्या तळाला चिकटून राहते. एका बाजूचा माल घसरतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो आणि सारा भार दांड्यावर आडवा येतो. दांडा थोडासा जरी वाकला, तरी त्यानंतर बसविलेले प्रत्येक सील एकाच बाजूने झिजते.

दोष सिलिंडरचाच आहे काय ?

सिलिंडर उघडण्यापूर्वी ही खात्री करणे अत्यंत आवश्यक आहे. लिफ्ट उचलत नसल्यास प्रथम तेलाची पातळी पाहावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचेच तेल लिफ्टला मिळते. ते कमी असल्यास पंप हवा ओढतो आणि लिफ्ट धक्के देत चालते. त्यानंतर तेलाची गाळणी साफ करावी. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

एवढ्यानेही फरक न पडल्यास जाणत्या मिस्त्रीकडून दाबमापक लावून पंपाचा दाब तपासून घ्यावा. दाबच कमी भरत असेल, तर दोष पंपात किंवा दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेत असण्याचा संभव अधिक. दाब पुरेसा असूनही इंजिन बंद केल्यावर उचललेले अवजार लवकर खाली बसत असेल, किंवा इंजिन चालू असताना लिफ्ट वरचेवर उचक्या देत असेल, तर तेल नियंत्रक झडपेतून अथवा सिलिंडरच्या सीलमधून निसटत आहे. लिफ्टचा सिलिंडर आत असल्याने त्याची गळती बाहेर दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पलटी नांगराच्या सिलिंडरची परीक्षा सोपी आहे. नांगर जमिनीवर टेकवून, दांडा पूर्ण बाहेर काढून, इंजिन बंद करून व लिव्हर हलवून तेलाचा दाब सोडावा. मग परतीच्या तेलाचा होज पाइप सिलिंडरपासून सोडवून पाइपाचे टोक नीट बंद करावे. त्यानंतर सर्वांनी दूर उभे राहून दांडा बाहेर काढण्याच्याच दिशेने हळूहळू दाब द्यावा. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेल सतत वाहू लागल्यास दट्ट्याचे सील गेले आहे. तेल वाहिले नाही, तर सिलिंडर निर्दोष असून झडप तपासावी. लिव्हर उलट दिशेने मात्र मुळीच हलवू नये. ही परीक्षा मिस्त्रीच्या देखरेखीखाली करणे बरे.

उघडल्यावर काय पाहावे

जुने सील फेकून देऊ नये. सिलिंडर का झिजला, ह्याची साक्ष तेच देते. सील कडक होऊन त्याला भेगा पडल्या असल्यास उष्णता हे कारण होय. ते फुगून मऊ झाले असल्यास भलत्याच जातीचे तेल, पुष्कळदा ब्रेकचे तेल, त्यात पडले असावे. त्यावर दांड्याच्या दिशेने ओरखडे असल्यास धूळ शिरली आहे. ते एकाच बाजूने झिजले असल्यास दांडा वाकला आहे किंवा मार्गदर्शक बुश सैल झाले आहे. त्याच्या कडेचे तुकडे निघाले असल्यास दाब प्रमाणाबाहेर गेला आहे किंवा दट्ट्या व नळी ह्यांमधील फट वाढली आहे. हे कारण दूर न करता नवे सील बसविणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणे होय.

नंतर दांडा स्वच्छ पुसून उजेडात धरावा व त्यावरून आडवे नख फिरवावे. नख कोठेही अडकत नसेल, तर तो ओरखडा सहसा त्रास देत नाही. नख अडकत असेल, मुलामा निघाला असेल किंवा गंजाचे खड्डे असतील, तर त्या दांड्यावर नवे सील टिकणार नाही. दांड्याचा बाक डोळ्याने ठरवू नये. लेथवर दोन आधारांवर दांडा फिरवून डायल गेजने तो मोजून घ्यावा आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा.

नळीच्या आतही अशीच परीक्षा करावी. नळीचा व्यास दोन्ही टोकांना व मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांना काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. एच-८ ह्या आंतरराष्ट्रीय वर्गाच्या ६३ मिलिमीटर नळीचा व्यास नवी असताना ६३·००० ते ६३·०४६ मिलिमीटर ह्या मर्यादेत असतो. ही मुभा साधारण केसाच्या जाडीइतकीही नाही. म्हणून साध्या पट्टीने किंवा अंदाजाने नळी 'ठीक आहे' असे ठरविता येत नाही. त्यासाठी बोअर गेजच हवा. शेवटी डोळ्याची जोडणी, पिनेची भोके, आटे आणि जोडकामाच्या कडा ह्यांवर तडे आहेत काय ते पाहावे.

निर्णय कसा घ्यावा

ह्या तपासणीनंतर सिलिंडर पुढील तीनपैकी एका वर्गात बसतो.

१) केवळ सील बदलावे : नळी व दांडा गुळगुळीत आहेत, मोजमापे मर्यादेत आहेत, दोष सीलपुरताच आहे. अशा वेळी सर्व सील, ओ-रिंग, आधारकडी व वायपर एकदमच बदलावीत. एक सील नवे व बाकीची जुनी ठेवणे ही खोटी काटकसर होय.

२) यंत्रकाम करून दुरुस्त करावा : नळीत उथळ ओरखडे आहेत, परंतु होनिंग केल्यावर व्यास सीलच्या मर्यादेत राहतो; किंवा नळी उत्तम असून केवळ दांडा खराब आहे. खराब दांड्यास पुन्हा मुलामा देता येतो, अथवा तयार मुलामा केलेला गोल दांडा आणून लेथवर त्यास आटे पाडून घेता येतात. फार वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये. त्याने मुलाम्यास बारीक तडे जातात.

३) बदलावा : नळीस तडा गेला आहे, ती फुगली आहे, खोल चर पडले आहेत, होनिंगनंतर प्रमाणित सील घट्ट बसणार नाही, किंवा दांडा व नळी दोन्ही एकदम खराब आहेत. तडा गेलेली नळी वेल्डिंगने सांधून पुन्हा दाबाखाली चालविणे धोक्याचे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळीचा गोलपणाही बिघडतो.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या सीमेवर असलेल्या सिलिंडरसाठी खर्चाचा हिशेब उपयोगी पडतो. सर्वसाधारण आडाखा असा की, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून पुढे जाऊ लागला की नव्याचा विचार करावा. परंतु किती रुपये लागले, ह्यापेक्षा एका हंगामाला किती रुपये पडले, हे पाहणे अधिक बरे. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. नवा सिलिंडर १२,००० रुपयांस मिळून आठ हंगाम चालला, तर हंगामास १,५०० रुपये पडले. होनिंग, नवा दांडा व सील ह्यांस ४,८०० रुपये लागून सिलिंडर चार हंगाम चालला, तर हंगामास १,२०० रुपये पडले. नळीत चर असताना ९०० रुपयांचे नुसते सील बसविले आणि ते एकच हंगाम टिकले, तर वरवर पाहता हेच स्वस्त वाटते. पण ते पेरणीत फाटून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला एकदाच १,५०० रुपये भाडे द्यावे लागले, तर त्या हंगामाचा खर्च २,४०० रुपयांवर जातो, आणि वाफसा गेला तो वेगळाच. उलट, यंत्रकाम केलेला सिलिंडर तीनच हंगाम टिकणार असेल, तर हंगामास १,६०० रुपये पडून नवा सिलिंडर किफायतशीर ठरतो. तात्पर्य, दुरुस्ती किती काळ टिकेल, ह्यावर हिशेब अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक दुरुस्तीची तारीख, काम व खर्च एका वहीत टिपून ठेवावा. दोन-तीन वर्षांत ही वहीच उत्तर देऊ लागते.

नवा सिलिंडर घेताना

नळीचा व्यास, दांड्याचा व्यास, दांड्याची एकूण चाल, मिटलेल्या स्थितीत पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी, पिनेची जाडी, तेलाच्या तोंडाचे आटे आणि कमाल दाब ही सात मापे जुन्याशी जुळवून घ्यावीत. 'मोठा जॅक अधिक बळकट' ह्या समजुतीने जाड जॅक बसविण्याची प्रथा हानिकारक आहे. १०० मिलिमीटर व्यासाचा दांडा ८०० मिलिमीटर वर गेला, तर सुमारे सव्वासहा लिटर तेल ट्रॅक्टरमधून निघून जॅकमध्ये जाते. तेवढे तेल देण्याची सोय ट्रॅक्टरमध्ये नसल्यास पंप कोरडा पडतो व एका जॅकपायी पंप गमावण्याची वेळ येते. शिवाय जास्त जोरामुळे ट्रॉलीची चासी व बिजागऱ्या ह्यांवर त्यांच्या शक्तीबाहेर भार येतो. बदललेला सिलिंडर बसविण्यापूर्वी होज पाइप व तेल स्वच्छ करावे. नाही तर जुन्या सिलिंडरची धातूची कीस नव्यात शिरते.

जीव सांभाळून काम करावे

उचललेल्या ट्रॉलीखाली केवळ तेलाच्या भरवशावर कोणीही जाऊ नये. सील क्षणात फाटते आणि माणसाला बाहेर पडण्यास वेळ मिळत नाही. प्रथम माल रिकामा करावा, मग लोखंडी आधार लावावा आणि तो पक्का बसल्याची खात्री झाल्यावरच खाली जावे. लिफ्टचे काम करताना अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे व लिव्हर हलवून उरलेला दाब सोडावा. होज पाइपातील गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. जखम टोचल्याएवढीच दिसते, म्हणून तिची उपेक्षा होते. पण अशा माणसास तात्काळ रुग्णालयात नेले नाही, तर बोट किंवा हात गमावण्याचा प्रसंग येतो. सिलिंडरच्या तोंडाशी बुचे असताना त्यास कधीही गरम करू नये वा वेल्डिंग करू नये.

तपासणीची योग्य वेळ

सिलिंडरची तपासणी पेरणीच्या तोंडावर करणे म्हणजे उशीर करणे होय. हरभरा निघाल्यावर आणि उन्हाळी नांगरट सुरू होण्यापूर्वी मिळणारा काळ ह्या कामास सर्वांत चांगला. त्या वेळी लेथवाल्यांकडे गर्दी कमी असते, सुटे भाग निवडून घेता येतात आणि यंत्रकामाला घाई करावी लागत नाही. रोहिणी संपून मृग लागण्याच्या आत लिफ्टवर भार देऊन एकदा परीक्षा करावी. अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि काही वेळाने ते किती खाली आले, हे पट्टीने मोजून वहीत लिहावे. दरवर्षी हा आकडा ताडून पाहिला, तर झीज वाढू लागल्याचे काम अडण्याच्या पुष्कळ आधी कळते.

रोजच्या कामात थोडी दक्षता घेतल्यास सिलिंडरचे आयुष्य वाढते. काम संपताच दांडा पुसून शक्य तेवढा आत घ्यावा. खाऱ्या पाण्याने धुतलेला ट्रॅक्टर पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. फाटलेले वायपर सील दिसताच बदलावे. सर्वांत स्वस्त भाग तोच आणि सर्वांत मोठे नुकसान वाचविणाराही तोच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्याहळदीने मळण्याची चाल वऱ्हाडात जुनी आहे. वर्षभर ओझे वाहणाऱ्या अवयवाकडे वर्षातून एकदा तरी नीट पाहावे, हा शहाणपणा त्या चालीत आहे. ट्रॅक्टरचे ओझे सिलिंडरवर पडते. त्याकडेही हंगामाआधी एकदा पाहावे, मोजावे आणि मगच पैशांना हात घालावा.